नापास झालेली दाढ

मी एक दाढ बोलतेय. प्लास्टिकची आहे, पण म्हणून मला अक्कलदाढेपेक्षा अक्कल कमी आहे असं समजू नका.

माझा जन्म साच्यातला. एका दमात आम्ही चारशे बहिणी, सगळ्या हुबेहूब. तिथून मी दंतवैद्यकाच्या कॉलेजात आले. रबरी गालांच्या एका मुंडक्यात मला स्क्रू पिळून बसवलं. ते मुंडकं सदा आ वासलेलं. ना लाळ, ना तक्रार. पेशंट म्हणून आदर्शच!

मी एका डावखुऱ्या मुलीच्या वाट्याला आले. सिमेंट भरण्यासाठी पाडतात तसा नेटका खड्डा माझ्यात पाडायचा, एवढीच परीक्षा. पण त्यात तिची दोनदा दांडी उडाली होती. आता तिसऱ्यांदा उडाली की वर्ष बुडालंच.

पाऊण तास कोरून तिने मला मुंडक्यातून काढलं आणि सरांपुढे ठेवलं. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"खड्डा आहे का विहीर? नापास!"

"सर, कुठे खोल गेलंय ते दाखवाल?"

"दाखवायचं काय त्यात? मला दिसतंय ना."

कोपऱ्यात नवा स्कॅनर होता. सर त्यावर ॲप्रन टाकून ठेवत. सरांच्या हाताखाली शिकवणाऱ्या धाकट्या मॅडमनी तो ॲप्रन उचलला आणि स्कॅनरची कांडी माझ्याभोवती फिरवली. पडद्यावर मी घागरीएवढी झाले! आमच्या खानदानात एवढा मोठेपणा कुणाला मिळालाय? कोरलेलं बरोबर तिथे हिरवा रंग, जास्त तिथे लाल. मी जवळजवळ सगळी हिरवीगार. एका कोपऱ्यात तेवढा लाल डाग.

"यंत्र बिघडलंय," सर म्हणाले. "मी कोरलेली नमुन्याची दाढ बघा, म्हणजे कळेल."

बघितली. बाईसाहेब लालभडक! वर्गात एकदम खोकल्याची साथ आली.

सर पडद्याजवळ गेले.

"दोन वर्षं झाली, जवळचं धड दिसत नाही मला," ते शेवटी म्हणाले. "सांगायची लाज वाटायची." मग मुलीकडे वळले. "पास आहेस तू. पण हा लाल डाग कशाने पडला?"

"तिथे हात वळत नाही, सर. दिवा, ट्रे, सगळं उजव्या हाताच्या लोकांसाठी मांडलंय."

सरांनी स्वतः दिवा ओढून डावीकडे आणला. ट्रेही सरकवला. "कोर दुसरी."

ती दुसरी दाढ पूर्ण हिरवी निघाली. मेली! माझीच बहीण, पण जळफळाट झाला माझा.

हल्ली नव्या मुलांना माझं चित्र पडद्यावर गरागरा फिरवून दाखवतात. मी स्वतः मात्र ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलेय. तक्रार नाही. पण एवढे दातांचे डॉक्टर इथून रोज जातात, बाबांनो, एकजण तरी थांबा आणि माझा खड्डा बुजवा की!