बगदादची पैज

तात्याबा कोळपे आयुष्यात एकदाच हरायला निघाला, आणि त्या हरण्यापायी तो अजून अख्ख्या गावाचे उपकार मानतो. एरवी हा गडी हार मानणाऱ्यातला नव्हे. अर्धी हयात मेंढरांमागं गेली. रानात बोलायला कोणी नसायचं, त्यामुळं चाळीस मेंढरं ठेवून, घर बांधून शेती करायला लागल्यावर साठलेलं सगळं बोलणं त्यानं बाळासोच्या चहाच्या टपरीवर रितं करायला घेतलं. नदीच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. तात्याबाचा आवाज दोन्ही तालुक्यांना पुरून उरतो, असं बाळासो म्हणायचा.

गोष्ट २००३ सालच्या मार्चमधली. इराकवर विमानं आज जातात की उद्या, असं चाललं होतं. टपरीवरचा एकुलता पेपर दुपारपर्यंत चिंध्या होऊन जायचा. सणसवाडीच्या कारखान्यातून रातपाळी करून आलेली माणसं झोपायचं सोडून तिथं बसायची. वाद एकच. परक्या मुलखातली गादी नुसत्या विमानांनी पालटता येते, की पायदळ घालावंच लागतं?

"पाय कशाला घालाय पायजे?" सावळाराम आप्पा शितोळे म्हणाले. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार आणि सोसायटीचे चेअरमन. शेतावर जायचं तरी जीप काढणार, आणि कोणाचं काम अडलं तर घरात बसून फोन फिरवणार. "जालिंदरला मी सोसायटीतनं पाडला, तवा हापिसाची पायरी तरी चढलो व्हतो का? सात संचालक जीपमधी घातले, आठ दिस म्हाबळेश्वरला फिरवले आन् ठरावाच्या दिशी आणून सोडले. घरनं चार फोन केले, बास. गादी वरनंच पडती."

हा जालिंदर गवारे म्हणजे आप्पांच्या आधीचा चेअरमन. पुढं तो गावचा सरपंच झाला, पण त्या ठरावापासून त्याचं आणि आप्पांचं बोलणं बंद. दोघांच्या रानांना बांध एकच, तरी एक आला की दुसरा निघून जायचा. एकमेकांच्या उंबऱ्याला तर दोघंही शिवले नव्हते.

तात्याबानं बशीतला चहा ओढला. "आप्पा, गोफणीनं पाखरं उठत्यात. पर गोफण मारून मेंढरू वाड्यात येत न्हाई. त्याला पायानं आत शिरावं लागतं. आन् मला सांगा, जालिंदर पडल्यावर त्या खुर्चीत तुमचा फोन जाऊन बसला का तुम्ही?"

टपरी खो खो हसली. आप्पांना ते झोंबलं आणि तिथल्या तिथं पैज लागली. पायदळ न घालता गादी पडली, तर तात्याबानं दहा रात्री आपली मेंढरं आप्पांच्या रानात फुकट बसवायची. मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत मिळतं, म्हणून शेतकरी एरवी त्याचं धान्य मोजून देतो. इथं दाणाही मिळायचा नव्हता. आणि पायदळ घालावं लागलं, तर आप्पांच्या तोडून झालेल्या उसाच्या फडात महिनाभर तात्याबाची मेंढरं चरायची.

एप्रिलात रणगाडे बगदादमध्ये शिरले आणि तात्याबाची मेंढरं आप्पांच्या फडात. आप्पा शब्दाला जागले, ते कबूल केलं पाहिजे. पण तात्याबाला विजय पचेना. एसटीचा कंडक्टर असो की कुरकुंभच्या कंपनीतून पाहुणा आलेला कोणी, दिसेल त्याला धरून तो सांगायचा, "पायाबिगर न्हाई!"

"जितलाय न्हवं? मग आता गप बसा की," त्याची बायको म्हाळसा एकदा चिडून म्हणाली. "पोरगं पलटणीत हाय आपलं. पायदळाचं एवढं कौतिक कशाला सांगत सुटताय?"

थोरला मुलगा हनुमंत लष्करात होता आणि पायदळातच होता. कोसावरचं चुकार कोकरू ओळखणाऱ्या तात्याबाला घरातलं एवढं दिसलं नव्हतं. बायकांना काय कळतंय, म्हणून तो उठून गेला.

जूनमध्ये एका सकाळी बाळासोनं मोठ्यानं बातमी वाचली. गादी पाडली खरी, पण तो मुलूख सांभाळायला माणसं कमी पडताहेत. भारतानं आपली फौज धाडावी, अशी मागणी आली आहे. दिल्लीत विचार चालू आहे.

"तात्याबा, तुजंच खरं झालं रं!" कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पाय लागतातच!"

तात्याबानं भरलेला कप तसाच ठेवला आणि घरी गेला. रविवारी टपरीच्या फोनवर हनुमंतचा फोन आला. "आबा, रजा बंद झालीया. कुठं जायचं ते कोण सांगंना, पर पलटणीत बोलणं चाललंय. अंकिताचं जावळ आता माझ्यासाठी थांबवू नका." अंकिता म्हणजे हनुमंतची वर्षाची लेक. बापानं तिला एकदाच पाहिलं होतं, तेही ती दुपट्यात होती तेव्हा. घरी येऊन त्यानं हे सांगितलं, तेव्हा सून पूनम चुलीपाशी भाकरी थापतच राहिली. तात्याबाला वाटलं, हिनं रडावं तरी.

माणूस घाबरला की स्वतःचाच हिशेब मांडतो. तात्याबानं मांडला तो असा: आपण पैज जिंकलो, मेंढरांनी तो चारा खाल्ला आणि आपलीच वाणी पोराच्या पायाला बांधली गेली. आता ती सोडवायची तर जिंकलेली पैज परत केली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चाळीस मेंढरं घेऊन आप्पांच्या अंगणात उभा राहिला.

"आप्पा, मी हरलो. दहा काय, ईस रात्री मेंढरं बसवतो. तुम्ही फकस्त म्हना, पाय लागत न्हाईत म्हना."

आप्पा हसायला लागले, आणि त्याचं तोंड पाहून थांबले. "खुळा का काय तू? मी म्हनून दिल्ली ऐकती व्हय?" त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

"तात्याबा, खरं सांगू का? ही पैज आपन दोघं बी हरलोय. मी म्हनलो, गादी वरनं पाडता येती. येती. तू म्हनलास, बसायला पाय लागत्यात. लागत्यात. पर मी खुर्चीत बसून दोन वर्सं झाली, आन् निम्मं गाव अजून जालिंदरलाच चेअरमन म्हनतंय. मला तोंडावर हां आप्पा, जी आप्पा. पाडनं येगळं आन् पालटनं येगळं. ज्याचं घर त्यानं हात वर केल्याबिगर कायबी पालटत न्हाई. मग आपल्या पोरांनी तिथं जाऊन कुनाची खुर्ची धरायची?"

"मग काय करायचं, आप्पा?"

"ग्रामसभा घेऊ. ठराव करून धाडू दिल्लीला. पोचंल न पोचंल, पर गावानं म्हनलं तर पायजे."

"ग्रामसभा सरपंच बोलवतो. म्हंजी जालिंदर. फोन करा मग."

आप्पांनी फोन उचलला. दोन आकडे फिरवले आणि ठेवून दिला. "न्हाई," ते म्हणाले. "ह्याला सोता जावं लागंल." त्यांनी जीपच्या चाव्यांकडं पाहिलंसुद्धा नाही. चपला घातल्या आणि चालायला लागले.

भर सकाळी गावानं तो प्रकार पाहिला. पुढं आप्पा, मागं तात्याबा, आणि त्याला भान नव्हतं म्हणून त्याच्या मागं चाळीसच्या चाळीस मेंढरं. बायका हंडे खाली ठेवून बघायला लागल्या. जालिंदर दाढी करत ओसरीवर बसला होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून उठला.

"चढाई केली का काय आप्पा?"

"चढाई न्हाई. मागाय आलोय." आप्पांनी पायरीखाली चपला काढल्या. "आधी एक सांगतो. सोसायटीत तुला पाडला, त्यो डाव वंगाळ व्हता. माझं चुकलं. आता ह्याच्या पोरासाठी ग्रामसभा बोलीव. ते माझ्यावर उपकार समज."

अंगणात फक्त मेंढरं ओरडत होती. तात्याबा मान खाली घालून उभा. ज्या माणसाला त्यानं भर टपरीवर हसवून लाजवलं होतं, तो माणूस त्याच्या पोरापायी वैऱ्याच्या दारात अनवाणी उभा होता. जालिंदरनं टॉवेलनं साबण पुसला आणि आत वळून म्हणाला, "तीन कप चहा टाका."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. ग्रामसेवक कुरकुरला, हा विषय पंचायतीच्या अधिकारातला नाही. "तुम्ही लिवा," जालिंदर म्हणाला आणि स्वतः सांगत गेला: "या गावची पोरं देशाच्या वेशीवर उभी राहायला तयार आहेत. दुसऱ्याच्या गादीपायी त्यांना धाडू नये." मतं मोजायची वेळ आली तसे हात वर झाले. आप्पांच्या पार्टीचे झाले, जालिंदरच्या पार्टीचे झाले, कधी कोणत्याच सभेला न आलेल्या म्हाताऱ्यांचे झाले. म्हाळसाचा हात तर ग्रामसेवकानं दोनदा मोजेपर्यंत खाली आला नाही. दोनशे बारा हात. विरोधात शून्य. त्या गावात पाण्याच्या टाकीवरसुद्धा एवढं एकमत झालं नव्हतं.

जुलैच्या मध्याला बातमी आली: भारत फौज पाठवणार नाही. गावात पेढे वाटले गेले. आपल्या ठरावानं काम केलं, असं गाव म्हणायला लागलं. ग्रामसेवक हळूच म्हणायचा की पाकीट अजून शिरूरच्या पोस्टातच असेल. सगळ्या जगाशी वाद घालणाऱ्या तात्याबानं हा एकच वाद कधी घातला नाही. दिल्लीनं कशामुळं ठरवलं ते दिल्लीला माहीत. पण आपल्या पोरासाठी दोनशे बारा हात वर गेलेले त्यानं डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्याला तेवढं पुरेसं होतं.

त्यानं जाहीर केलं की हात वर केलेल्यांपैकी ज्याचं रान मोकळं असेल, त्याच्या रानात एकेक रात्र मेंढरं बसवणार, फुकट. पहिली रात्र कोणाची, यावरून आप्पा आणि जालिंदर वाद घालायला लागले. हा म्हणे त्याची, तो म्हणे ह्याची. दोघांनीही ज्वारीसाठी रान मोकळं ठेवलं होतं. तात्याबानं मेंढरं कोंडायचं जाळं, वाघर, सरळ मधल्या बांधावरूनच ताणली. निम्मी मेंढरं इकडं, निम्मी तिकडं.

सकाळी आप्पा शेराच्या मापानं बाजरी घेऊन आले. चालत आले होते. जालिंदर आधीच बांधावर येऊन उभा होता.

"धरा म्हागारी," तात्याबा म्हणाला. "त्या दिशी तुम्ही चपला काढल्या, आप्पा. मी जन्मभर मेंढरं बसवली तरी ते फिटायचं न्हाई."

तेवढ्यात वाटेनं हनुमंत येताना दिसला, दौंडला गाडीतून उतरून थेट, खांद्यावर हिरवी पेटी. पंधरा दिवसांची रजा मिळाली होती. त्यानं बांधावर ताणलेली वाघर पाहिली, शेजारी शेजारी उभे असलेले आप्पा आणि जालिंदर पाहिले, आणि चक्रावला. टपरीवरची कहाणी त्याला फोनवर अर्धीच कळली होती.

"आबा, पैज जिकली कुनी मग शेवटी?" वाकून पाया पडताना त्यानं विचारलं.

तात्याबा पोराच्या पायांकडं बघत राहिला. बुटांवर दौंडपासूनची धूळ होती, आणि खाली आप्पांच्या रानातली काळी माती.

"हे पाय हितं हायेत न्हवं?" तो म्हणाला. "मग मी हरलोच म्हन. लई बेस हरलो बाबा. चल, आता पोरीचं जावळ काढाय जाऊ."