देवापुढचे दोन स्टँड

मी एक जुनी मोटार आहे, आणि खुनशी आहे. तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, नाहीतर माणसांशी माझी मैत्री कधी जमली नाही. ज्यांनी मला लाडानं पुसलं त्यांनीच मला कोंबड्यांच्या स्वाधीन केलं. ऐका, म्हणजे पटेल.

१९३४ साली डेट्रॉइटच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. काळा रंग, दोन दारं, गोल गुबगुबीत मडगार्ड. पेनसिल्व्हेनियातल्या एका बियाणं विकणाऱ्यानं मला घरी नेलं. रविवारी चर्चला जाताना तो माझ्या दिव्यांवर फुंकर मारून ते रुमालानं पुसायचा. गावातली पोरं मागून धावायची. मला वाटलं, हे असंच चालणार. मग त्यानं नवी गाडी घेतली आणि मला खुराड्यामागे ढकललं. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या, गंज दाराच्या कडेनं वर चढू लागला, आणि तो बाबा रोज माझ्यासमोरून दाणे टाकायला जायचा पण माझ्याकडे बघायचा नाही. मी पन्नाशीला आले तोवर मनात दुसरं काही उरलं नव्हतं, नुसता राग होता.

अशा वेळी उत्तरा आली. न्यू जर्सीतल्या एडिसनची मुलगी, जन्म इथलाच, आईवडील महाराष्ट्रातले. कॉलेजात मेकॅनिकल शिकत होती आणि तिला हॉट रॉड बांधायची होती. म्हणजे काय, तर माझ्यासारखी म्हातारी गाडी घ्यायची, तिची मडगार्ड काढायची, टप कापून खाली बसवायचा, जुन्याच जमान्यातलं दांडगं इंजिन बसवायचं आणि तिला रस्त्यावर आरडाओरडा करायला सोडायचं. जुन्या पद्धतीची म्हणून त्यात नवा भाग चालत नाही म्हणे. माझं मत कुणी विचारलं नाही.

तिनं मला ट्रेलरवर घालून एडिसनच्या गॅरेजमध्ये आणलं आणि कापायला सुरुवात केली. येत काहीच नव्हतं. मासिकातली चित्रं बघून टप कापला तर डावी बाजू उजवीपेक्षा वर राहिली. पुन्हा कापला. वेल्डिंग शिकताना माझ्या दाराला इतकी भोकं पाडली की त्यातून पलीकडचं दिसायचं. चुकलं की माझ्यावरच डाफरायची. मीही सोडलं नाही. संधी मिळेल तिथे तिची बोटं चेमटवली, गंजकी धार तळव्यात घातली, घट्ट बोल्ट ऐन वेळी मोडून दिला. तरी ती दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून हजर. अशा चिवट माणसाचा मला फार संताप येतो.

माझ्याहून जास्त संताप एकाच माणसाला यायचा, तिच्या वडिलांना. दिगंबर नाव. एका रंगाच्या कारखान्यात केमिकल इंजिनिअर. दोन सुटकेसा घेऊन हा माणूस या देशात आला, तो नवं कोरं आयुष्य उभं करायला. आणि पोरीनं घरात काय आणलं, तर भंगार. मराठी मंडळातली माणसं आली की तो गॅरेजचं दार आधी ओढून घ्यायचा. आम्ही दोघं एकमेकांचा मनापासून द्वेष करत होतो. त्यात खोट नव्हती, म्हणून त्याचं मला वाईट वाटायचं नाही.

उन्हाळ्यात बापलेकींचं जोरदार वाजलं आणि अबोला धरला गेला. निरोप सगळे आईमार्फत, मृणालिनीमार्फत. शेवटचा निरोप असा होता: दसऱ्याला सोनं द्यायला माणसं येतील, तोवर गाडी स्वतःच्या चाकांवर गॅरेजबाहेर गेली पाहिजे. नाही गेली, तर त्यानंतरच्या सोमवारी भंगारवाल्याचा ट्रक येईल. भंगारात आम्हाला दाबून पेटीएवढं करतात, हे मला माहीत होतं. त्या दिवसापासून पोरीचा वेग वाढला, आणि मला कबूल करायला लाज वाटते, पण मी बोल्ट मोडायचं थांबवलं.

दसऱ्याच्या आदला दिवस, खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा करतात, आणि पूजेत ठेवलेल्या हत्याराला दिवसभर हात लावत नाहीत. दरवर्षी दिगंबर विळी, कात्री आणि कॉलेजातली आपली स्लाइड रूल, म्हणजे गणितं करायची सरकपट्टी, मांडायचा. यंदा उत्तरा सकाळीच जुन्या गाड्यांच्या यार्डात एक भाग शोधायला गेली होती, आणि हा गृहस्थ एकटाच गॅरेजमध्ये उतरला. त्यानं तिचे पाने उचलले, फडक्यानं पुसले, हातोडी पुसली. पोरीशी बोलायचं नव्हतं, पण तिची हत्यारं देवापुढे ठेवायची होती. मी बघत होते. असल्या गोष्टींनी मी विरघळत नाही.

मग त्याची नजर माझ्या पोटाखाली गेली. पुढची चाकं काढलेली होती आणि माझा सगळा पुढचा भार दोन जाड लोखंडी स्टँडवर होता. हत्यार म्हणावं तर तीच सगळ्यात भारदस्त. बाजूला जॅक पडला होता. त्यानं तो माझ्याखाली सरकवला, दांडा हाणून मला जरा उचललं आणि दोन्ही स्टँड काढून घेतले. त्याचा हिशेब सरळ होता: जॅकनं गाडी उचलली, म्हणजे जॅक गाडी धरून ठेवेल, आणि आज तर कामाला कुणी हातच लावायचा नाही. जॅक तेलावर चालतो, उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो, हे उत्तराला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण अबोला होता. जाताना पाहुण्यांना दिसू नये म्हणून त्यानं माझ्यावर जुनी चादर टाकली. ती जमिनीपर्यंत लोंबत होती.

दुपारी उत्तरा आली ती घाईत. यार्डात नेलेले पाने तिच्या पिशवीत होतेच. चादर थोडी वर करून, बॅटरी लावून ती पाठीवर सरकत माझ्याखाली गेली. पूर्ण आठवडा ती तिथेच पडून होती. स्टँड आहेत का, असं कोण रोज बघतं? तिचं डोकं बरोबर माझ्या अ‍ॅक्सलखाली होतं. जॅकचं तेल झिरपत होतं आणि मी उतरत होते, अगदी हळू. मला ते कळत होतं. तिला कळत नव्हतं.

वरून आरतीची हाक आली. "टू मिनिट्स," ती ओरडली. पुन्हा हाक आली, तेच उत्तर. मग जिन्यावर पावलं वाजली. दिगंबर रागानं लाल होऊन खाली आला होता. इतक्या महिन्यांनी तो तिच्याशी थेट बोलला, आणि बोलला तो भांडायलाच.

"आजच्या दिवशी हत्यार वापरत नाहीत, एवढंही तुला पाळता येत नाही?"

"बाबा, डेडलाइन तुमचीच आहे. एक बोल्ट राहिलाय. प्लीज, आत्ता नको."

"कसला बोल्ट? तुझी सगळी हत्यारं वर देवापुढे ठेवलीत मी. पाने, हातोडी, ते दोन स्टँडसुद्धा."

चादरीखालचा उजेड हलायचा थांबला. मग तिचा आवाज आला, एकदम लहान झालेला.

"बाबा, गाडीला हात लावू नका. माझे पाय धरा आणि ओढा."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. गुडघ्यावर बसला, लेकीचे पाय घोट्यापाशी धरले आणि ओढलं. ती बाहेर आली आणि मी खाली आले. अ‍ॅक्सल फरशीवर आपटून वाकला, जॅक भिंतीवर जाऊन आदळला. तिच्या कोपराचं साल निघालं, बाकी काही नाही. ती बाहेर पडेपर्यंत मी थांबले, असं तुम्हाला कुणी प्रेमळपणे सांगेल. खोटं आहे. मी थांबले नाही. मला थांबता येत नाही.

आवाज ऐकून मृणालिनी आरतीचं ताट तसंच घेऊन धावत आली. पोरीला छातीशी धरून ती रडली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली की ही अवदसा आत्ताच्या आत्ता घरातून गेली पाहिजे, सोमवारची वाट कशाला, आत्ता फोन करा. वाकलेल्या अ‍ॅक्सलवर उद्या मी चालणार नव्हते, आणि शब्द बापाचा होता. मला वाटलं, संपलं. ज्या माणसाला मी नको होते त्याला आता कारणही मिळालं होतं, आणि तेही कुणी खोडून काढणार नाही असं.

दिगंबर फरशीवरच बसून होता.

"गाडीनं काही केलं नाही," तो म्हणाला. "स्टँड मी काढले." मग लेकीकडे वळला, आणि घरात कधी इंग्रजी न बोलणारा तो माणूस म्हणाला, "इट वॉज मी."

फोन झाला नाही. दसऱ्याला मंडळी सोनं द्यायला आली तेव्हा गॅरेजचं दार उघडंच होतं. गुडघ्यावर पडलेली मी सगळ्यांना दिसत होते. लोक विचारायचे, आणि लोकांच्या बोलण्याला जन्मभर घाबरलेला दिगंबर प्रत्येकाला स्वतः सांगायचा की ही माझी चूक, पोरगी थोडक्यात वाचली. काही जण हसले. त्यानं हसू दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात उत्तरानं मला रस्त्यावर नेलं. आपल्या लोकांची दुकानं असलेल्या ओक ट्री रोडवर मी इतका आवाज केला की साड्यांच्या दुकानातून बायका बाहेर आल्या. दिगंबर माझ्यात कधी बसला नाही. पण उत्तरा माझ्याखाली जाणार असली की आधी तो येतो, स्टँड लावतो, दोन्ही हातांनी मला गदागदा हलवून बघतो, आणि मगच तिला जाऊ देतो. त्याच्या नजरेत अजून तोच द्वेष आहे. त्या घरात माझा स्वभाव नीट ओळखून असलेला तो एकटाच आहे.

म्हणून मित्रांनो, मला हार घालू नका आणि माझ्यावर माया करू नका. माझ्याखालचं काही काढाल, तर ते घरात सांगा. भांडण असलं तरी सांगा, अबोला असला तरी सांगा. मी सांगणार नाही.