म्हातारीचं वय

त्या लॉन्ड्रीत सत्ता दोघींची होती, आणि दोघीही लोखंडाच्या होत्या. एक म्हातारी आणि दुसरी नवरी.

म्हातारी म्हणजे इस्त्र्यांना वाफ पुरवणारा विजेचा बॉयलर. मागच्या भिंतीला टेकून ती दिवसभर सुस्कारे टाकत बसायची. नवरी म्हणजे कपडे वाळवायचं यंत्र, कपाटाएवढं, गोल काचेच्या दाराचं. तिला येऊन अजून वर्षही झालं नव्हतं. धाकट्या सुनेनं सासऱ्यांशी हुज्जत घालून तिला आणलं होतं. तोवर ढगाळ हवेत चादरी दोरीवर लोंबकळत राहायच्या, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या मालकीणबाई त्या नाकाला लावून परत पाठवायच्या. नवरी आली आणि त्याच बाईंनी हॉटेलचं सगळं धुणं या दुकानाला देऊन टाकलं.

पण नवरीच्या पावलांनी विजेचं बिलही आलं. नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं, मग चष्मा डोळ्यांवर घेऊन पुन्हा वाचलं, आणि जेवताना सांगून टाकलं की महिनाअखेरीला नवरीसाठी गिऱ्हाईक बघायचं. थोरल्या मुलानं मान डोलावली. धाकटा ताटात बघत राहिला. तो दुकानाची गाडी चालवायचा, आणि घरातल्या वादात कायम न्यूट्रलमध्ये असायचा.

धाकटीनं उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला. नवरी गेली की हॉटेल जाणार, हॉटेल गेलं की आपण पुन्हा काउंटरवर बसून कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचणार. आणि जन्मभर ऐकावं लागणार, की हिनं एकदा अक्कल चालवली होती.

"नाना, बिल फुगलंय हे खरं," ती म्हणाली. "पण कोण किती खातंय ते तरी बघू."

"त्यात बघायचं काय? घरात खाणारं तोंड वाढलं, डबा लवकर संपला. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो."

तरी महिनाअखेरपर्यंतची मुदत तिनं पदरात पाडून घेतली आणि वायरमनला बोलावलं. त्याला सगळे झटका म्हणायचे, कारण आपल्याला आजवर एकदाही झटका बसलेला नाही असं तो ज्याला त्याला सांगायचा. त्यानं बोर्डावर साबणाच्या वडीएवढी एक डबी बसवली आणि तिचे तीन चिमटे तीन वायरींना लावले: एक नवरीच्या, एक म्हातारीच्या, एक बाकी सगळ्या पसाऱ्याच्या. कुठली वायर कधी किती वीज ओढते, ते धाकटीच्या फोनवर तीन रंगांच्या रेघांत दिसू लागलं.

डबीनं पहिल्याच दुपारी एक भांडं फोडलं. पसाऱ्याच्या रेघेत एकाएकी सुळका उभा राहिला, आणि शोधता शोधता धाकटी थेट थोरल्या जावेच्या इस्त्रीच्या टेबलाखाली पोहोचली. तिथे चहाची विजेची किटली होती. जावेनं डबीचं नाव चहाडखोर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर टॉवेल टाकला. डबीला डोळे नसतात हे तिला ठाऊक होतं, पण टॉवेल काही तिनं काढला नाही.

चहाडखोराची दुसरी चहाडी मात्र धाकटीच्याच अंगाशी आली. नानांनी एका सकाळी फोन मागितला. नवरी नुकतीच सुरू झाली होती आणि तिची लाल रेघ पडद्याचं छत फोडायला निघाली होती. म्हातारीची निळी रेघ तिच्या गुडघ्यालाही पोहोचत नव्हती.

"ही बघ, ताडासारखी वाढलीय," नाना म्हणाले आणि फोन परत दिला. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. स्वतःच आणलेल्या साक्षीदारानं आपल्याच विरुद्ध साक्ष द्यावी, आणि तीही खरी असावी!

मग सुट्टीचा दिवस आला. दुपारी जेवणं आटोपल्यावर सगळे आडवे झाले, आणि धाकटीनं सवयीनं फोन उघडला. एरवी ती तो दुकान चालू असतानाच बघायची. बंद दुकानात काय बघायचं? लाल रेघ जमिनीला चिकटून पडली होती. पसाऱ्याचीही. निळी मात्र वर जात होती, खाली येत होती, पुन्हा वर जात होती, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तशी.

डबी बिघडली, असंच तिला आधी वाटलं. चपला घालून ती निघाली, तेवढ्यात जावेनं हटकलं, "भर दुपारची एकटी कुठे?" खरं सांगितल्यावर जाऊही चपला घालून निघाली. चहाडखोर खोटा ठरत असेल तर ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

शटर अर्ध्यावर उचलून दोघी आत शिरल्या. दुकानात साबणाचा वास होता आणि एरवी कधी नसते अशी शांतता. त्या शांततेत मागच्या भिंतीकडून टक्क असा आवाज आला, आणि म्हातारी घूं करू लागली. जावेनं तिच्या पत्र्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. आत पाणी तापत होतं, कुणासाठी ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

तरी हे काही गुपित नव्हतं. रोज दुकान बंद करताना नाना म्हातारीला झोपवायचे. झोपवायचे म्हणजे बंद करायचे नाहीत. बटण पार खालच्या खुणेवर आणून ठेवायचे. म्हातारी एकदा गार पडली की दुपारपर्यंत उठत नाही, हे दुकानात सर्वांना पाठ होतं. त्या बटणाला नानांशिवाय कुणी हात लावत नसे.

जाऊ बोट चोळत उभी होती. मग म्हणाली, "पण अगं, दुपारपर्यंत न उठणारी ती ही नव्हेच."

"म्हणजे?"

"ती तडकली ना. भंगारात गेली. ही आली तेव्हा माझी धाकटी पोर पाळण्यात होती. जागा तीच, म्हणून नावही तेच पडलं. नाव म्हातारीचं, वय माझ्या पोरीचं."

मग जावेला हसू फुटलं. "म्हातारी गेली, आणि तिचं पथ्यपाणी आपण या तरण्याताठीला पाळायला लावतोय!"

टॉवेल टाकलेल्या डबीखाली उभं राहून त्यांनी मागचे सगळे दिवस फोनवर उलगडले. रोज तेच. शटर पडल्यापासून उघडेपर्यंत निळी रेघ छोटे छोटे डोंगर चढत होती. बेरीज मांडली तेव्हा, दुकान चालू असताना नवरी जेवढं खायची, त्याहून जास्त म्हातारी दुकान बंद असताना फस्त करत होती. बिल पहिल्यापासूनच जड होतं. नवरी आल्यावर ते खांद्याला रुतायला लागलं, एवढंच.

संध्याकाळी धाकटीनं हे नानांसमोर मांडलं. ती म्हणाली, पाहुणा ताटभर जेवतो ते सगळ्यांना दिसतं, पण तो उठून जातो. दिवसरात्र येता-जाता डब्यात हात घालणारं माणूस घरातलंच असलं की कुणाच्या लक्षात येत नाही. आपण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालोय.

नानांनी चष्मा काढून पुसला. आरोप नुसता म्हातारीवर असता तर ते कदाचित ऐकून घेते. पण बटण त्यांच्या हातचं होतं.

"ठीक," ते शेवटी म्हणाले. "आज म्हातारीला पूर्ण बंद करू. सकाळी गाडी निघायच्या आत हॉटेलच्या वेटरांचे कोट इस्त्री होऊन पडले, तर तुझं खरं. नाही पडले, तर नवरी उद्याच जाईल. महिनाअखेरीची वाट बघायची नाही."

"चालेल," ती म्हणाली.

सकाळी नानांनी स्वतः बटण वर नेलं, बॉयलरसमोर स्टूल ओढलं, आणि चहाचा पेला हातात घेऊन काट्याकडे बघत बसले. वाफेचा काटा शून्यावर आडवा पडला होता. धाकटी कपडे निवडायला बसली, पण तिनं पांढऱ्यात एक निळा मोजा टाकला आणि पुन्हा काढला. बाहेर तिचा नवरा गाडीची तीच काच दुसऱ्यांदा पुसत होता. जाऊ टेबलावर पहिला कोट पसरून, हातात इस्त्री धरून, लढाईला निघाल्यासारखी उभी होती. तिचंही काही कमी अडलं नव्हतं. वाफ नसली की तिचं टेबल ओस.

म्हातारी गप्प होती. मग ती गुरगुरली. मग तिच्या पोटात कुठेतरी खडखडलं, आणि काटा एकदम, झोपेतून दचकून उठावा तसा, हलला. थांबला. आणि मग थांबलाच नाही.

जावेनं इस्त्रीचा खटका दाबला. फुस्स करून पांढरी वाफ कोटाच्या बाहीवर पसरली.

नानांच्या हातातला चहा अजून गरम होता.

हा सूर्य, हा जयद्रथ. जावेनं कडक कॉलरचा कोट हँगरला लावला आणि नानांच्या नाकासमोर धरला. "म्हातारी मेल्याचं दुःख नव्हतंच," ती म्हणाली, "पण काळ चांगलाच सोकावला होता."

गाडी कोटांनी भरून दारात उभी राहिली. धाकट्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "नाना, नवरी राहतेय," तो म्हणाला, आणि न्यूट्रलमधल्या माणसाचा पहिल्यांदाच गिअर पडला.

पुढच्या महिन्यात धाकटीनं चहाडखोराला उसंत दिली नाही. चादरी दोनदा पिळून मगच नवरीत जाऊ लागल्या. नवरीच्या जाळीतला कापसासारखा कचरा रोज निघू लागला, आणि लाल ताड बराच बुटका झाला. बिल आलं. नानांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं, मग डोळ्यांवर घेऊन पुन्हा वाचलं. नवरी यायच्या आधीच्या बिलापेक्षाही ते खाली होतं. त्याच आठवड्यात हॉटेलच्या बाईंनी पडदेही धाडले. त्यांनी या वेळी चादर नाकाला लावली नाही. नुसतीच गालाशी धरली.

त्या संध्याकाळी नाना रोजच्यासारखे मागच्या भिंतीशी गेले. बटणावर हात ठेवला. तसेच उभे राहिले. मग हाक मारली, "धाकटे, इकडे ये. तू बंद कर."

तिनं बटण शेवटच्या खुणेच्याही पलीकडे नेलं. घुरघुर थांबली.

"आणि यापुढे तिला म्हातारी म्हणायचं नाही," नाना म्हणाले. "पोर आहे ती."

"मग म्हातारं कोणाला म्हणायचं?" जावेनं टेबलामागून विचारलं.

नानांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. जावेनं घाईघाईनं डबीवरचा टॉवेल काढला, त्यानंच डबी लखलखीत पुसली, आणि मगच निघता निघता टेबलाखालच्या किटलीची पिन उपटली.