कुलूपवाले, दारवाले आणि डिंक

कुलपं बनवणारी कंपनी आणि दारं बनवणारी कंपनी एक झाली. खरं तर ही सोयरीक फार आधीच जुळायला हवी होती. पण कुलूपवाले दारवाल्यांशी बोलेनात आणि दारवाले कुलूपवाल्यांकडे बघेनात. त्यांची मनं जुळवायला मला नेमलं.

मी जीव ओतून काम केलं. खुर्च्या मिसळून मांडल्या, जेवायला एकच लांब टेबल आणलं. ढिम्म काही हलेना. मग एक दिवस एका कुलूपवाल्याने एका दारवाल्याला विचारलं, हा खुर्च्या हलवणारा तुमच्यातला ना? तो म्हणाला, छे, आम्हाला वाटलं तुमचाच. दोघं पोट धरून हसले आणि त्या क्षणी कंपन्या खऱ्या अर्थाने एक झाल्या. माझं नाव डिंक पडलं. लांब टेबल रोज गच्च भरायला लागलं. मी डबा घेऊन गेलो की मात्र सगळ्यांची जेवणं एकदम उरकायची. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी खांबामागे, भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलो.

काल तिथे एक हिशेबनीस बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. लांबच्या शाखेतून बदलून आलेल्या, वयाने माझ्या मावशीएवढ्या.

"अहो, तो डिंक कोण हो?" त्यांनी विचारलं. "उद्या आम्हा नव्या लोकांची मनं जुळवणार आहे म्हणे."

"आहे एक," मी म्हणालो. "लांबच राहा."

मग मी सुटलोच. आपण सगळे एक कुटुंब आहोत असं तो दिवसभर सांगतो आणि घरी जाऊन एकटाच टीव्हीतल्या माणसांशी भांडतो, असंही सांगितलं. हे तुम्हाला कसं ठाऊक, त्यांनी विचारलं. शेजारीच राहतो, म्हणालो. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, डब्यातलं अर्धं मला वाढलं आणि उद्याही इथेच बसू म्हणाल्या. इतकं चवीने मी कित्येक दिवसांत जेवलो नव्हतो.

आज सकाळी सभेच्या खोलीत गेलो. सगळे नवे, मला ओळखणारं कोणी नाही. फळ्याजवळची माझी जागा रिकामी. बाईंनी मला पाहून शेजारच्या खुर्चीवरची पर्स मांडीवर घेतली.

"या, तुमच्यासाठी धरून ठेवलीय. तो यायचाय अजून."

मी फळ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. बसलो.

बराच वेळ कोणी आलं नाही. मागच्या रांगेत कुरकुर सुरू झाली. बाईंनी पर्समधून एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.

"काय माणूस आहे," त्या म्हणाल्या.

"असाच आहे तो," मी म्हणालो, आणि सगळ्यांबरोबर त्याची वाट बघायला लागलो.