झाकण वाजवून उतरायची वाट

टण्... टण्... मागच्या दाराशी पितळी झाकणावर पळी वाजली, की सकाळची शांतता मोडायची आणि मला जाग यायची. मित्रांनो, मी बडोद्यातली, विश्वामित्रीच्या काठची जुनी पायवाट. माझ्या वरच्या टोकाला शर्वरीचं घर, खालच्या टोकाला महादेवाची देवळी आणि नदी.

मला कोणी बांधलं नाही. दिवा लावायला उतरणाऱ्या पावलांनी मी हळूहळू मळत गेले. नदीत मगरी. थंडीत एक थोराड मगर देवळीपाशी ऊन खात पडायची. म्हणून इथल्या बायकांची रीतच होती: झाकण वाजवायचं, थांबायचं, पाण्यात डुबुक झालं की मग उतरायचं. मगरीने कधी कोणाला धरलं नाही, कोणी तिला दगड मारला नाही.

मग शहराबाहेर वाघोडियाकडे कारखाने वाढले, घरोघरी गाड्या आल्या, आणि रविवारी जायचं कुठे असा प्रश्न लोकांना पडला. त्याचं उत्तर मी निघाले. माझ्या अंगावर लाल फरश्या बसल्या, बाकडी आली, कठडा आला. वर्तमानपत्रात फोटो छापून आला: 'नदीकाठची निसर्गवाट'. मला फार बरं वाटलं.

पण एक पाटीही लागली: 'शांतता राखा, मगर पाहा.'

देखरेखीचे जनार्दनभाई शर्वरीला म्हणाले, "बेन, तुम्ही वाजवता अने मगर जती रहे छे, पाण्यात निघून जाते. पाहुणे काय तुमचं झाकण बघायला येतात?"

"ती गेल्याशिवाय मी उतरू कशी, भाई?"

"आता कठडा छे ने."

"देवळीपर्यंत कुठे आहे? फोटोसाठी तुम्हीच तर खाली मोकळं ठेवलंत."

जनार्दनभाई हसले. "मगर तर तुम्हाला ओळखते, बेन."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फरश्यांखालून मला पावलं ओळखू येत नाहीत. मोठं कोण, लहान कोण, काही कळत नाही. देवळीपाशी मात्र मी अजून मातीची आहे. तिथे मगरीचं गार पोट टेकलं की मला कळतं. पण मला आवाज नाही. मित्रांनो, मला बघायला जरूर या. फक्त आमचं ते झाकण तेवढं वाजू द्या.

आज रविवार. बाकड्यांवर माणसं कॅमेरे घेऊन गप्प बसली आहेत. मगर देवळीच्या आडोशाला आहे, वरून कोणालाच दिसत नाही. शर्वरीच्या हातात दिवा आहे, झाकण आणि पळी तिच्या लहानग्या सानवीकडे. सानवीने पळी उचलली, तशी जनार्दनभाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

सानवीने पळी खाली घेतली. मान वर करून हळूच म्हणाली, "आई, वाजवायचं नाही, तर आपण आलोय हे मगरीला कळणार कसं?"