दुसऱ्यांदा विचारेपर्यंत

जेवण बाराला आहे असं भिंगरीने सांगितलं होतं. म्हणून तिच्या नणंदेच्या घरी पोचल्यावर थोड्याच वेळात मास्तरीणबाईंनी बाथरूम विचारून घेतलं, आतून कडी लावली, पोटावरची कातडी चिमटीत धरली आणि इन्सुलिनची सुई टोचून घेतली. आता अर्ध्या तासाच्या आत पोटात काहीतरी जायलाच हवं, नाहीतर रक्तातली साखर उतरते, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ होतं.

सुईचं भिंगरीला ठाऊक नव्हतं. दोघी एका बाकावरच्या. भिंगरी तिकडच्या माणसाशी लग्न करून परदेशी गेली आणि तिथे कपड्यांच्या दुकानात लोकांच्या विजारी आखूड करून देता देता म्हातारी झाली. इतक्या वर्षांनी तिने बोलावलं, तेव्हा फोनवर आधी हेच विचारलं, "तब्येत कशी आहे गं? नाहीतर इथे येऊन अंथरूण धरशील."

"ठणठणीत!" मास्तरीणबाई म्हणाल्या. एकदा ठणठणीत म्हटल्यावर आता सुई दाखवायची कोणत्या तोंडाने?

त्या बाहेर आल्या तर टेबलाशी कोणीच नव्हतं. सगळे हातात ग्लास घेऊन उभे, गप्पा रंगलेल्या. स्वयंपाकघराचं दार बंद. बारा वाजून गेले तरी कोणाला जेवणाची घाई दिसेना. भिंगरीची नणंद रसाचा ट्रे घेऊन आली.

"रस?"

"नको, नको," मास्तरीणबाई मान हलवून म्हणाल्या. तेवढी भाषा त्यांना येत होती.

"बरं," म्हणून नणंद हसली आणि पुढे गेली.

इथे आल्यापासून हे असंच चाललं होतं. पहिल्या संध्याकाळी भिंगरीने विचारलं, "जेवतेस ना?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "नको गं, विमानात झालंय खाणं." आपल्याकडे असं म्हणणं म्हणजे दार नुसतं लोटून घेणं, बाहेरून जरा ढकललं की उघडतं. पण भिंगरीने ढकललंच नाही. "बरं," म्हणाली आणि भांडी उचलून फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने बजावलं, "इथे कोणी वाढत बसत नाही हं. फ्रिज उघडायचा, लागेल ते घ्यायचं." ती कामावर गेली, तिचा नवरा बस चालवायला गेला, आणि मास्तरीणबाई बंद फ्रिजसमोर उभ्या राहिल्या. दुसऱ्याच्या घरचा फ्रिज उघडणं त्यांना दुसऱ्याच्या कपाटात हात घालण्यासारखं वाटलं. टेबलावर उघडा ठेवलेला पाव तेवढा त्यांनी खाल्ला. अशा खाण्याला पुरी मात्रा झेपणार नाही, म्हणून सुई अर्धीच घेत आल्या होत्या.

आज मात्र पुरी घेतली होती. आज पाहुण्यांचं जेवण होतं ना!

शेवटी सगळे टेबलाशी बसले. भिंगरी पार त्या टोकाला. मास्तरीणबाईंच्या शेजारी एक आजोबा, दोन्ही कानांत यंत्रं घातलेले. मोठाली भांडी हातोहात फिरू लागली. लोण्यात परतलेल्या बटाट्यांचं भांडं आजोबांनी त्यांच्यापुढे धरलं. वाफ नाकात गेली, आणि जीभ आपल्या सवयीने बोलून मोकळी झाली, "आधी तुम्ही घ्या."

आजोबांना शब्द कळले नाहीत, पण हाताची खूण कळली. त्यांनी भांडं पलीकडे दिलं. ते टेबलाच्या त्या टोकाला गेलं आणि तिथेच राहिलं.

मग मांसाचं आलं. ते त्या खात नव्हत्या. मग हिरवा पाला आला. तो त्यांनी घेतला. पावाची टोपली त्यांच्यापर्यंत येईतो रिकामी झाली.

नणंद टेबलाला फेरी घालत आली आणि त्यांच्या ताटलीकडे बोट दाखवत म्हणाली, "एवढंच? आणखी काही आणू?"

आता हो म्हणायचं, असं मास्तरीणबाईंनी मनाशी पक्कं केलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "नको, भरपूर आहे."

"बरं."

पाल्याची दोन पानं चावून होतात न होतात, तोच मानेमागे घाम फुटला. हवेत गारठा होता, बाकीचे स्वेटर घालून बसले होते. मास्तरीणबाईंनी काटा खाली ठेवला, कारण तो ताटलीवर टकटक वाजायला लागला होता. त्यांनी हात मांडीवर घेतले.

खडीसाखरेची पुडी होती, पण कोटाच्या खिशात. आणि आल्या आल्या नणंदेच्या नवऱ्याने सगळ्यांचे कोट कवटाळून वरच्या मजल्यावर नेले होते. त्या खुर्चीचा हात धरून उठायला गेल्या. पण परत खुर्चीतच बसल्या. आजोबा त्यांच्याकडे बघून प्रेमाने हसले.

त्या टोकाला भिंगरी कसलीशी गंमत सांगत होती. हाक मारावी, तर अख्खं टेबल बघणार. म्हातारी पाहुणी खायला मागतेय! आणि ठणठणीतचं बिंग फुटणार ते वेगळंच. तिची गंमत संपू दे, मग सांगू. गंमत संपली. सगळे हसले. दुसरी सुरू झाली. समोरच्या माणसांना आता कडा राहिल्या नव्हत्या. पाण्यात शाई पसरावी तसे चेहरे पसरत होते.

पहिलीच्या वर्गात एखादं पोर असायचं. तास संपेपर्यंत मांड्या आवळून बसायचं, पण बोट वर करायचं नाही. मग चड्डी ओली, पोर रडतंय, वर्ग हसतोय. "अरे, बोट वर करायला काय झालं होतं रे तुला?" असं मास्तरीणबाई दरवेळी विचारायच्या. काय होतं, ते त्यांना आज कळलं.

त्यांनी बोट वर केलं.

हात सावकाश वर गेला आणि वरच राहिला. आधी आजोबा गप्प झाले, मग त्यांच्या पलीकडची बाई, आणि बघता बघता सगळं टेबल शांत झालं.

"भूक," मास्तरीणबाई म्हणाल्या. जीभ लाकडाची झाली होती. "भिंगरे, मला भूक लागलीय. इन्सुलिन घेतलंय मी. साखर..."

भिंगरीची खुर्ची मागे आदळली. तिने रसाचा जग उचलला आणि धावत येऊन मास्तरीणबाईंची हनुवटी धरली. "पी. सगळं पी. बोलू नकोस."

दुसरा ग्लास संपता संपता माणसांना पुन्हा कडा आल्या. मग भिंगरीच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"कधीपासून घेतेस ही सुई?"

"झाली बरीच वर्षं."

"आणि मला ठणठणीत? इथे टेबलावर मान टाकली असतीस, तर तुझ्या मुलाला मी काय सांगितलं असतं गं?"

"खरं बोलले असते, तर बोलावलं असतंस?"

"नसतं बोलावलं! मीच आले असते तिकडे, गाढवे!"

"मग तू तरी दुसऱ्यांदा विचारायचंस की," मास्तरीणबाई उसळून म्हणाल्या. "चार दिवस झाले, एकदा विचारतेस आणि भांडी उचलतेस."

भिंगरी हलक्या आवाजात म्हणाली, "इथे दोनदा विचारलं तर लोकांना जुलूम वाटतो. मीसुद्धा नवी होते तेव्हा उपाशी उठलेय या टेबलावरून. मग लागली सवय."

नणंद रडवेली होऊन काहीतरी बोलली. "ती म्हणतेय, मी विचारलं होतं," भिंगरीने सांगितलं.

"विचारलं होतं. अगदी खरं. चूक माझीच, सांग तिला. आणि ते बटाटे इकडे पाठव म्हणावं."

भांडं आलं, मागोमाग कुठून तरी गरम पावही आला. मास्तरीणबाईंनी आपल्या हाताने वाढून घेतलं आणि कोणाकडेही न बघता खाल्लं. भिंगरी आपली ताटली घेऊन शेजारी येऊन बसली. गप्पांच्या नादात तिचंही फारसं खाणं झालं नव्हतं. मास्तरीणबाईंनी डाव भरून बटाटे तिला वाढले.

"पुरे, पुरे," भिंगरी म्हणाली. पण ताटलीवर हात काही आडवा धरला नाही.

मास्तरीणबाईंनी आणखी एक डाव वाढला. "खा मुकाट्याने."

समोरून भिंगरीचा नवरा हे बघत होता. मराठीचं अक्षर त्याला येत नव्हतं. त्याने आपली ताटली उचलली आणि मास्तरीणबाईंच्या पुढे धरली.