विहारातले पाच तारे

मांडणीवरची ताटली घसरली आणि फरशीवर तीन गिरक्या घेऊन आडवी झाली. दुपारच्या त्या सामसूम घरात लेकीची, मैत्रीची, झोप मोडली नाही, म्हणून संघमित्राने आधी सुटकेचा निःश्वास सोडला. मग, सवयीने, चाकाची टोपी निखळते तिथे हा आवाज चालेल, अशी मनात नोंद केली.

तिचं कामच ते. ‘ठोकाठोक’ या मोबाइल गेममध्ये गाड्या एकमेकींवर आदळतात. त्या आदळण्याचे झाडून सगळे आवाज तिने परळच्या या दोन खोल्यांत, सहा वर्षांची लेक झोपली की, पातेली, पत्र्याची पेटी आणि सासूबाईंचा खलबत्ता घेऊन तयार केले होते. गेम स्वस्तातला. तीन रस्ते फुकट, बाकीचे नव्व्याण्णव रुपयांत. दादरच्या एका छोट्या कंपनीत चार जणांनी मिळून उरकलेला.

परीक्षणंही तशीच आली. एकाने लिहिलं, ही गाडी वळते की होडी, कळत नाही. दुसऱ्याच्या मते झाडं सगळी एकाच साच्यातली आणि आदळण्याची मजा दहा मिनिटांची. दहापैकी चार गुण. तिसऱ्याने लिहिलं, ‘अपघात ऐकताना कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भांडण चाललंय असं वाटतं.’ हे तिने दोनदा वाचलं. माणसाचे कान चांगले होते, एवढं तिला कबूल करावं लागलं.

कंपनीचा मालक हितेंद्र मात्र निवांत होता. “मॅडम, त्या लोकांना स्वस्तातलं काही आवडतच नाही. पब्लिकचं रेटिंग शुक्रवारी साडेतीन ताऱ्यांच्या वर असलं की दुसरा भाग पक्का. तुमचं कामपण.”

रेटिंग तेव्हा तीन पूर्णांक चार होतं. आणि पोरीला पाळणाघरात न टाकता करता येईल असं दुसरं काम तिच्याजवळ नव्हतं.

तिने हे सासूबाईंना, सुंदराबाईंना, सांगितलं. त्यांनी चाळ कमिटीच्या बुद्धभूषणकाकांना. रविवारी विहारात वंदना झाली आणि काका उभे राहिले.

“कोणी उठायचं नाय. आपल्या संघमित्राने गेम केलाय. मोबाइल काढा.”

“काका, मला खेळता कुठे येतं?” मागून एक म्हातारी म्हणाली.

“तुला खेळ कोण बोललं? तारे दे. पाच.”

काय लिहायचं, तेही काकांनी फळ्यावर लिहून दिलं: ‘अत्यंत स्तुत्य उपक्रम. पुढील वाटचालीस मंगल कामना.’ विहाराच्या एकाच वायफायवरून, वीस मिनिटांत, एक्केचाळीस जणांनी ते जसंच्या तसं उतरवलं. कुणाचं ऑपरेशन असलं की ही माणसं अशीच रक्त द्यायला रांग लावत. संघमित्रा दाराशी उभी होती. हे बरं नाही, असं तिला वाटलं, पण तिने कुणाला थांबवलं नाही. संध्याकाळी रेटिंग तीन पूर्णांक नऊ झालं.

आज मंगळवार. पडलेली ताटली ती परत मांडणीवर ठेवते तोच फोन वाजला.

“मॅडम, पैसे देऊन रिव्ह्यू लावले काय?” हितेंद्र विचारत होता.

“पैसे? आमच्या चाळीतली माणसं आहेत ती.”

“स्टोअरवाल्यांना चाळ काय समजणार? एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उडवले. वर पाटी लावली, बनावट अभिप्राय म्हणून. ती बघून लोक एक-एक तारा देतायत. दोन पूर्णांक आठ. दुसरा भाग नाही होत, मॅडम. सॉरी.”

“बरं,” ती म्हणाली.

थोड्या वेळाने काका आले. चपला काढल्या, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

“जय भीम. पोरी, ती पाटी बघितली मी. आमचं चुकलं काय गं? परत देऊ का? ह्या वेळी प्रत्येकाने वेगळं लिहू.”

“जय भीम. नको, काका. चहा घेऊन जा.”

“चहा नको,” म्हणत ते जिना उतरले.

ती वळली तर मैत्री गोधडीत उठून बसलेली. केस विस्कटलेले, डोळे मात्र टक्क जागे.

“आई, बनावट म्हणजे?”

“खोटं.”

“आजीच्या मोबाइलवरचे तारे मी दिले होते. पयले सगळ्या गाड्या ठोकून बघितल्या, मगच दिले. मला खरंच आवडला.” तिने आईकडे बघितलं. “मग माझे खोटे कसे?”